पंपाचा वाटा

आमच्या गावी तलावात जाळं ओढलं का पाळीवर, म्हंजे तलावाच्या बांधावर, मासोळीचे ढीग पडतात. एक ढीग मानसाचा, एक जाळ्याचा, एक डोंग्याचा. ज्याचं जाळं त्याले जास्तीचा वाटा, रीतच हाय तशी. गिरजाचा नवरा इस्तारी मेला आन् त्याचं जाळं उंदरानं खाल्लं, तवापासून तिच्या टोपलीत एकच ढीग. मी मंगली, तिची जाऊ. याचा राग मले येते, तिले येत नाई.

तिचा राग निघे तो सायकलीत हवा भरनाऱ्यावर. इस्तारीचा पंप तिच्यापाशी होता. कोनी मागाले आलं का ही अंगनात उभी. "आधी ट्यूबची नळी सरळ हाय का पाय! वाकडी असन तर सारी हवा सोड, टायर सरकव, मंग भर. आन् पाइप ओढू नोको, नळी बुडातून फाटन!"

"अवो, सायकल हाय का तान्हं लेकरू?" मी म्हनो. ती हसे, पन आयकत नसे.

औंदा उन्हाळ्यात तलाव तळाले लागला, मासोळी सरली. मासोळीचं बीज सोडलं नाई तर गावाचं वर्ष गेलं. बाकीच्याइले वावर तरी हाय, गिरजाले तलावाबगर काईच नाई. म्हून बीज आनाले तीच निंगाली, मले घेऊन. एटापल्लीहून हंडाभर पिल्लं घेतली, काडीएवढी. हंडा क्यारेजवर बांधला, पंप हँडलले अडकवला. डांबरी रस्त्यानं सूरजागडच्या खाणीचे ट्रक धावतात, म्हून आमी रानवाट धरली. गिरजा हँडल धरून पुढं, मी मांगून ढकलून राह्यली.

नाल्याच्या रेतीत चाक रुतते. म्हून तिथी आमी हवा थोडी सोडतो, चाक चपटं झालं का रेतीवरून जाते. पल्याड गेलं का परत भराची. त्या दिवशी हंड्याचा भार, चाकात हवा कमी. टायर रिंगेवर सरकला आन् नळी वाकडी झाली.

"गिरजा, नळी पाय," मी म्हनली.

तिनं हंड्यात पाह्यलं. पिल्लं वर येऊन तोंड उघडून राह्यली होती. "टाइम नाई वो," म्हने, आन् तशीच हवा माराले लागली. जल्मभर दुसऱ्याले शिकवलं ते सारं विसरली बाई! तिसऱ्या झटक्यात फुस्स! नळी बुडातून फाटली. तिथी ठिगळबी बसत नाई.

गिरजा मटकन खाली बसली. "मीच मारली वो पिल्लं," म्हने. मी तिले कधी रडतानी पाह्यलं नवतं. इस्तारीच्या मातीलेबी ती रडली नवती. बसल्या चाकानं दगडावरून चालाचं म्हंजे गोगलगाईची चाल, तवरोक पानी नासन, पिल्लं मरतीन.

मंग तिनं पंपाकडं पाह्यलं. "मंगले, चाकाले नाई तर पिल्लाइले दे हवा."

मले समजलंच नाई. तिनं पाइप हंड्यात सोडला. मी दांडा दाबला. पान्यातून बुडबुडे वर आले, मासोळी थोडी खाली गेली. अवो माय!

झालं. ती सायकल ओढे, मी बाजूनं चालत पंप मारो. हात भरून आले, खांदे गेले, तोंडानं शिव्या चालूच. काई पिल्लं मेली, खोटं काऊन बोलू? बाकीची तलावात सोडली तं सरसर गेली.

थंडीत पयलं जाळं ओढलं. चांगली तळहातापेक्षा मोठी मासोळी निंगाली. वाटे पाडाले कोलूभाऊ बसला, आमच्यातला सगळ्यात मोठा. गिरजाचा एकच ढीग पडला. मी पदर खोचला, भांडाले तोंड उघडलं. तेवढ्यात त्यानं तिच्या ढिगाबाजूले अजून एक ढीग मांडला.

"हा कोनाचा गा?" कोनीतरी इचारलं.

"पंपाचा," कोलूभाऊ म्हनला.

दोघं-तिघं हसले, पन ढिगाले हात कोनी लावला नाई. गिरजा उठली आन् पंपाच्या ढिगातली अर्धी मासोळी माह्या टोपलीत टाकली.

"काऊन वो?" मी म्हनली. "पंप तुहा."

"पंप माहा," ती म्हनली, "हात तुहे."