आप्पांचा खिसा आणि चिंगी

आज सकाळी चिंगी गेली.

चिंगी म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची बकरी. मी तिच्यावर नऊ वर्षं जळत होते.

हसू नका. खरंच.

रिटायर झाल्यावर आप्पांनी मोहने गावाच्या पुढे, नदीच्या बाजूला चार गुंठे जागा घेतली. दोन खोल्या, दहा-बारा कोंबड्या, एक रागीट बदक आणि चिंगी. मी मैत्रिणींना ऐटीत सांगायचे, "आमचा फार्म आहे."

आई म्हणायची, "फार्म कसला, सर्कस आहे."

सर्कसच होती.

मीटर रीडिंगला माणूस आला की बदक त्याला चोच मारत मारत मीटरपर्यंत न्यायचं, आणि तसंच परत गेटपर्यंत सोडायला जायचं.

एकदा एक कोंबडी आप्पांच्या हेल्मेटमध्ये अंड्यांवर बसली. आप्पांनी तीन आठवडे स्कूटर काढली नाही. बाजारात रिक्षाने जायचे. "बसलेल्या बाईला उठवायचं कसं?"

पण चिंगी त्या सगळ्यांच्या वर. दातांनी गेटची कडी काढायची. स्कूटरच्या सीटवर चारी पाय रोवून उभी राहायची. आणि आप्पा दिसले की थेट त्यांच्या शर्टाच्या खिशात तोंड.

खिशात गुळाचा खडा असायचा.

तो खिसा माझा होता.

मी लहान असताना आप्पा फर्स्ट शिफ्ट करून आले की कंपनीच्या खाकी शर्टाच्या खिशात माझ्यासाठी गूळ असायचा. हात मीच घालायचा, असा नियम. दादालाही परवानगी नव्हती.

रिटायर झाल्यावरही ते तेच शर्ट घालायचे. पण चाळिशीला टेकलेल्या बाईने बकरीला कसं सांगायचं, की बाजूला हो, हा खिसा माझा आहे?

आमच्याकडे गाय नव्हती. म्हणून वसुबारसेला आप्पा चिंगीची आणि तिच्या करडांची पूजा करायला लावायचे. पहिल्या वर्षी मी दिवाळीला गेलेले, तर आईने ताट माझ्याच हातात दिलं.

"आप्पा, बकरीला कोण ओवाळतं?"

"दूध देते ना? मग ओवाळ."

ओवाळलं. चिंगीने हार खाल्ला, नैवेद्य खाल्ला, आणि माझ्या नव्या साडीचा पदर तोंडात धरून उभी राहिली. आप्पा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

माझ्यामुळे ते तसे कधी हसलेले मला आठवत नव्हतं.

मी घोडबंदरला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आप्पा आले, आणि पंगत बसायच्या आत निघाले. चिंगी आज-उद्या विणार होती.

मी दारात विचारलंच. "आप्पा, ती की मी?"

चप्पल घालता घालता म्हणाले, "तुला फोन करता येतो. तिला येत नाही."

ते उत्तर मला कित्येक वर्षं टोचत राहिलं.

गेल्या वर्षी आप्पा गेले. हार्ट अटॅक.

तेराव्यानंतर आई म्हणाली, "छातीत दुखतंय म्हणून चिंगीला सांगत होते गं. मी खिडकीतून ऐकलं. विचारायला गेले, तर म्हणाले गॅस आहे."

मला आधी रडू नाही आलं. आधी राग आला. बकरीला माहीत होतं. मला नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं, तर तू त्या ट्रॅफिकमधून गाडी मारत आली असतीस. चिंगी कुठे धावणार होती?"



तेव्हा चिंगीने खाणं सोडलेलं. पाला नको, पेंड नको. आई म्हणाली, "त्यांचा शर्ट घालून बघ."

मी कुर्त्यावर आप्पांचा खाकी शर्ट चढवला. खिशात गूळ ठेवला. ती धावत आली, खिशात तोंड घातलं, आणि थांबली. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

तिला कळलं.

तरी गेली नाही. माझ्या पोटाला कपाळ टेकून उभी राहिली. मीही तिला पहिल्यांदाच ढकललं नाही.

मग दर रविवारी तेच. ती शर्टासाठी यायची, मीही शर्टासाठीच जायचे. आम्ही दोघी एकाच वासाला जमायचो. त्यातही पहिला वास तीच घ्यायची.

खोटं कशाला बोलू, तेही खुपायचं.

आज सकाळी आप्पांच्या खुर्चीपाशीच बसल्या बसल्या गेली. म्हातारी झालेली. मी रजा टाकून पोचले तोवर दादाने शेवग्याखाली खड्डा काढायला घेतला होता. बदकाने मला चोचही मारली नाही.

आईने घरातून शर्ट आणला. "हिच्यावर घालू या का? हिच्या सवयीचा आहे."

"नको!"

इतक्या जोरात म्हणाले, की दादा खणायचा थांबला.

आईने शर्टाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "घे बाई. तुझाच आहे."

आत्ता हे लिहितेय तेव्हा तो मांडीवर आहे. खिशाच्या शिवणीत गूळ चिकटलाय. मी मात्र जिंकले नाही. आप्पांकडे तीच आधी पोचली.

चिंगे, ज्या हातांनी तुला कुरकुरत ओवाळलं, त्याच हातांनी निरोप देते.

आप्पा दिसतील. खिशात तोंड घालशीलच.

सगळा खाऊ नकोस. थोडा माझ्यासाठी ठेव.