कुलपात कुलूप

माझ्या भावाने गोठ्यावर कॅमेरा बसवला तो चोरी झाल्यावर. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो, पण भर दुपारी शिडीवर चढून तिचं प्रात्यक्षिक करणारा माणूस माझ्याच घरात निघावा याचा मला फार राग आला. तसे बैल आमच्या गोठ्यातून कधीच गेले होते. आत होती वस्तीची भांडी, आणि त्यातलं सगळ्यात मोठं तपेलं चोरांनी नेलं होतं.

आमची वस्ती बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने आत, गावाच्या कडेला. बौद्धांची. आई तिथेच राहायची. मी नोकरीमुळे बदलापूरला आले आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिले, भाऊही बदलापूरलाच राहतो. वस्तीवर मोबाइलला रेंज नाही. टेकडीवर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन हात वर केला तर एखादी काडी येते, तीही वारा असेल तसा. आणि हा शहाणा इंटरनेटवर चालणारा कॅमेरा घेऊन आलेला.

"ताई, तू टेन्शन नको घेऊ. ॲपवर लाइव्ह दिसणार सगळं. घरी बसून बघायचं."

"इथे फोन लागत नाही रे. तुझ्या ॲपला काय टपाल येणार आहे?"

"तू निगेटिव्ह फार बोलतेस, ताई," तो म्हणाला आणि स्क्रू पिळत राहिला.

कॅमेऱ्याचा लाल दिवा तेवढा लागला. त्याच्या फोनवर एक गोल फिरत राहिलं, ते आजपर्यंत फिरतंय. दिवा बघून चोर घाबरेल, असं त्याचं त्यावरचं म्हणणं. चोराला काय नेण्यासारखं उरलंय, हे मी विचारलं तेव्हा तो शिडी घेऊन शेजारी परत द्यायला गेला.

त्या तपेल्याचं सांगायला हवं, नाहीतर एका भांड्यासाठी बाई एवढी का पेटली असं वाटेल. आईच्या लग्नाच्या वेळी गावकीची मोठी भांडी होती, पण ती आम्हाला मिळत नसत. सगळ्या गावाला मिळत, आम्हाला नाही. का, ते कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. आईच्या लग्नातली डाळ रॉकेलच्या डब्यांत शिजली होती. डबे राखेने, चिंचेने घासून घासून हात सोलवटले बायकांचे, तरी पंगतीत वास आलाच. वऱ्हाडातली माणसं काही बोलली नाहीत, गुमान जेवली. आई म्हणायची, बोलली असती तर बरं झालं असतं.

मग वस्तीतल्या बायकांनी लावणीच्या मजुरीतून काही बाजूला टाकायला सुरुवात केली. मी शाळेत जायला लागले होते तेव्हा त्या सगळ्या मिळून उल्हासनगरच्या बाजारात गेल्या आणि तांब्याचं एक भलंथोरलं तपेलं, पितळेच्या पराती, डाव, झारे घेऊन बैलगाडीतून परत आल्या. मला आठवतं, गाडी वस्तीत शिरली तेव्हा आई पुढे बसून तपेल्यावर हात ठेवून होती. तशी ती माझ्या बारशालाही बसली नसेल.

भांडी घेतली त्या दुकानात नाव कोरणारा मशीन घेऊन बसला होता. काय नाव टाकू, त्याने विचारलं. त्यावर बायकांचं तिथेच भांडण जुंपलं. कुणाच्या नवऱ्याचं टाकायचं? वस्तीचं टाकायचं तर कुठलं टाकायचं, गावाने दिलेलं की आम्ही घेतलेलं? आईने निकाल दिला. "नाव टाकलं की मालक आला. नको नाव." म्हणून आमच्या घरातल्या वाटीवर, चमच्यावरसुद्धा नाव आहे, आणि वस्तीच्या सगळ्यात मोलाच्या भांड्यावर काही नव्हतं.

दुसरा नियमही तिचाच. भांडी आमच्या गोठ्यात, पण गोठ्याला कुलूप नाही. नुसती कडी. लग्नाचं, बारशाचं आधी ठरतं, मरणाचं ठरत नाही. "घरात मयत पडलंय नि तो मानूस किल्ली मागत दारोदार फिरंल काय? येल, कडी काढंल, घेऊन जाईल." वस्तीतल्या प्रत्येकाच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी त्या तपेल्यात तापलं. माझ्या वडलांचंही. वापरलेलं भांडं घासून, उपडं घालून ठेवायचं, एवढंच बंधन.

चोरी झाली ती लग्नाच्या दिवशी. वस्तीतल्या मुलीचं लग्न उल्हासनगरला हॉलमध्ये होतं. केटरर, बुफे, सगळं झगमगीत. आमच्या बायकांनी ज्यासाठी जिवाचं रान केलं ती भांडी गोठ्यात पडून, आणि सगळी वस्ती दुसऱ्याच्या भांड्यांतलं पनीर खायला टेम्पोत बसून गेलेली. आईसुद्धा. परत आलो तर गोठ्याचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून बाजूला ठेवलेलं. का, कोण जाणे. कडी तर उघडीच होती. तांबं-पितळ गेलं, नंतरची अॅल्युमिनियमची पातेली मात्र तशीच होती. आई दारात बसली आणि म्हणाली, "चांगलं नेलं, हलकं ठेवलं."

चौकीत तक्रार दिली आणि मी एकटीच उल्हासनगरच्या कॅम्प पाचला भंगारवाल्यांच्या गल्लीत गेले. दुकानामागून दुकान पालथं घातलं. एका गाळ्यात तांब्याचे तुकडे रचून ठेवले होते, पत्र्याच्या कात्रीने कापलेले. वरच्याच तुकड्याला भांडं उचलायची एक लोखंडी कडी होती, जाड रिबिटांची. आमच्या तपेल्याची एक कडी एका लग्नात निखळली होती आणि वस्तीतल्याच एकाने तिथे लोखंडी बसवली होती. लहानपणी त्या रिबिटांवर बोट फिरवायची मला सवय होती. तिथेही फिरवलं. तीच होती.

"हे आमचं आहे," मी म्हणाले.

"बाई, नाव कोरलंय काय? नाव दाखवा, घेऊन जा," तो म्हणाला. "नाव नाय तर कशावरनं तुमचं? ऐसा कडी तो सबके बर्तन में होता है."

मी ओरडले. गल्लीतली माणसं जमली. कुणाकडून घेतलंस, त्याचं नाव सांग, म्हणून मी त्याच्या काट्यावर हात आपटला. तर चोराच्या उलट्या बोंबा, तोच म्हणायला लागला की बाई धंद्याच्या टायमाला तमाशा करते. शेवटी त्याने तो कडीचा तुकडा माझ्यापुढे फेकला, भिकाऱ्याला फेकावा तसा. मी तो उचलला. अजून मला वाटतं, उचलायच्या आधी त्याच्या तोंडावर काहीतरी मारायला हवं होतं. पोलिसांना घेऊन परत गेले तेव्हा ढीग गेला होता आणि काटा धुऊनपुसून ठेवला होता.

तुकडा मी आईला दाखवला नाही. पिशवीत गुंडाळून घरी माळ्यावर टाकला. पण नाव कोरलं नाही म्हणून मी आईशीही भांडले. सगळ्यांचं, सगळ्यांचं करत बसलीस आणि शेवटी कुणाचंच राहिलं नाही, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "चोरानं नेलं ते चोराचं पाप. आमचं काय चुकलं?"

लोकांनी पुन्हा भांडी जमवली. तांबं आता कुणाला परवडतंय, स्टीलची आणि अॅल्युमिनियमची आली. या वेळी कुलूप लावायचंच असं मी ठरवलं. भावाचा हिशेब सोपा होता. एक भक्कम कुलूप, किल्ली त्याच्याकडे, बदलापूरला. कुणाला लागली तर फोन करायचा.

"फोन कुठून करायचा? टाकीवर चढून?" मी विचारलं.

"मग आईकडे ठेव दुसरी."

आई उसळली. "माझ्याकडं किल्ली नको. उद्या कुनी माझ्या दारात येऊन हात जोडंल, ते बघायला जगलेय का मी?" आमच्या कुंपणापलीकडच्या काकीकडे बोट करून तिने आणखी सांगितलं, "ती तर माझ्याकडं यायचीच नाय. मुडदा तसाच ठेवंल, पन किल्ली मागायची नाय."

हे खरं होतं. काकीचं आणि आईचं कोंबड्यांवरून वाजलेलं, तेही इतकं जुनं की त्या कोंबड्यांच्या नातवंडांचंही कालवण होऊन गेलं असेल. दोघी एकमेकींशी बोलत नसत. कुंपणाशी उभं राहून हवेला उद्देशून बोलत.

मला माझ्या नोकरीतलं फाटक आठवलं. मी पाणीपुरवठ्याच्या कामात होते. आमच्या पंपघराच्या फाटकाला एक साखळी असायची आणि तिच्या दोन टोकांमध्ये कुलपात कुलूप अडकवलेलं. एक आमचं, एक वीजवाल्यांचं, एक ठेकेदाराचं. ज्याला आत जायचं त्याने आपलं कुलूप काढायचं, साखळी सुटते. दुसऱ्याची किल्ली मागायची गरज नाही. तसंच इथे करायचं मी सांगितलं. घरटी एक कुलूप, ज्याची किल्ली त्याच्या घरी.

अंबरनाथहून वेल्डिंगवाला जनरेटर घेऊन आला. दार लोखंडी केलं, बिजागऱ्या आतल्या बाजूला घेतल्या, कोयंड्याचे बोल्ट आतून वेल्ड करून टाकले म्हणजे पान्याने निघणार नाहीत. छपराच्या पत्र्यांचे हूकही आतून वळवले. खिडकीला गज घातले. मी प्रत्येक गज धरून हलवून बघत होते तेव्हा वेल्डिंगवाला हसून म्हणाला, "बाई, जेल बनवताय का?" मी म्हटलं, बनवलीच असती, आत घालायला माणूस मिळाला तर.

कुलपांना मात्र मी अट घातली. साखळीतलं एक कुलूप फुसकं असेल तर बाकीची सगळी शोभेची. कुणी फेरीवाल्याकडचं चायनाचं आणायचं नाही. कॅम्प चारच्या एका दुकानातून सगळ्यांनी एकाच जातीचं जड कुलूप घेतलं. काकीनेही घेतलं आणि मुद्दाम आईच्या कुलपापासून लांबच्या टोकाला अडकवलं. भावाने तेवढं नंबरचं आणलं, चकत्या फिरवायचं. किल्ली हरवायची भानगडच नाही म्हणे. आई त्या माळेकडे बघून म्हणाली, "झालं का समाधान तुझं?" माझं झालं नव्हतं. पण आपल्या कुलपाची किल्ली तिने पदराच्या गाठीत बांधली.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. पहाटे, झोपेतच. फोन लागत नव्हताच. काकीचा मुलगा मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत आला, रेंज आली तिथून त्याने मला फोन केला. भाऊ आणि मी रिक्षा करून निघालो. अर्ध्या वाटेवर भाऊ रडता रडता थांबला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, नंबर आठवत नाहीये. कुलपाचा." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आईची किल्ली आईच्या पदरात, आई निजलेली, आणि बाहेर आम्ही दोघं पोरं किल्ली शोधत फिरणार. हेच तिने आयुष्यभर कुणाच्या वाट्याला येऊ दिलं नव्हतं. त्या घडीला मला दुसरं काही सुचलंच नाही.

रिक्षा वस्तीत शिरली तर अंगणात चूल पेटलेली होती. पातेली उतरवलेली, पाण्याला वाफ आलेली. काकी पदर खोचून चुलीपुढे बसून जाळ सारत होती. साखळी तिच्या कुलपापाशी सुटून लोंबत होती. तिने कुणाला विचारलं नव्हतं. विचारावं लागलंच नाही.

पण पातेली लहान पडत होती. एकातलं पाणी उकळेपर्यंत दुसऱ्यातलं कोमट होत होतं. काकी पुन्हा पुन्हा बोट बुडवून बघायची आणि पुटपुटायची, "तपेलं असतं तर एकदाच झालं असतं. मेल्यानं तपेलं नेलं." कुंपणाशी ज्या आवाजात ती आईला शिव्या द्यायची त्याच आवाजात ती आता चोराला देत होती, आणि रडत होती. मीही दिल्या. आईला आंघोळ घालताना असं बोलू नये हे मला कळतं. मी दिल्या. सगळ्या वस्तीला एका भांड्यातून निरोप देणाऱ्या बाईला दोन पातेल्यांतलं कोमट पाणी मिळालं, आणि तिचं तपेलं कापून कुठल्या तरी भट्टीत गेलं होतं. शांत हो म्हणणाऱ्यांना मी गप्प बसवलं.

सगळं आटोपल्यावर मी आणि काकीने भांडी घासली आणि गोठ्यात उपडी घातली. काकीने आपलं कुलूप लावलं. मग तिने कनवटीची गाठ सोडून एक किल्ली माझ्या हातात दिली. आईच्या पदरातून तिनेच सोडून घेतली होती.

"काकी, मी इथे राहत नाही," मी म्हणाले. "मी काय करू हिचं?"

"तुझ्या आयचं कुलूप हाय साखळीत. त्याला कोनाची तरी किल्ली पायजे ना?" मग साखळीपाशी अजून चकत्या फिरवत बसलेल्या भावाकडे बघून, "नि मी मेल्यावर माझं पानी कोन तापवंल? तुझा भाऊ, नंबर आठवून?"

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेले तेव्हा माळ्यावरचा तो कडीचा तुकडा घेऊन गेले. आदल्याच दिवशी कॅम्प चारच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन त्यावर नाव कोरून घेतलं होतं. एक नाही, भांडी आणायला गेलेल्या सगळ्या बायकांची, मला आठवत होती तेवढी. राहिलेली काकीने सांगितली, ती मी खिळ्याने ओरखडली. मग तो तुकडा गोठ्याच्या दारावर आतून ठोकला आणि भावाला शिडी आणायला सांगितली. कॅमेरा काढला. त्याने विचारलं, आता याचं काय करायचं. मी म्हटलं, भंगारात घाल, त्याच्यावरही कुणाचं नाव नाहीये.