पत्रिकेवरची मोकळी जागा

नगरला डीटीपीचा कोर्स करून मी श्रीरामपूरच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर बसले. नव्वदच्या दशकातली गोष्ट; डोक्यात नुसती हवा. फॉन्ट, मार्जिन, अलाइनमेंट असले शब्द मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकायचे. शब्द पाठ होते, अक्कल यायची होती.

ती आली बेलापूरच्या एका बागाईतदाराच्या थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेने. मी त्या एका पत्रिकेत पाच फॉन्ट वापरले, चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली आणि भाऊबंदांची नावं कागद संपेपर्यंत कोंबली. घरचा पत्ता ठळक झाला आणि श्रीरामपूरचं मंगल कार्यालय कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत गेलं. नवरीचा मामा थेट बेलापूरला घरी पोचला, तर दाराला कुलूप. कार्यालयात आला तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. आमच्याकडे नवरीच्या मागे मामाने उभं राहायचं असतं. त्या दिवशी शेजारचे एक काका उभे राहिले. मला तोंड दाखवायची सोय उरली नाही.

पुढच्या वर्षी धाकटीचं लग्न ठरलं. मुलीचे वडील बायकोला घेऊन आमच्याकडेच आले, पण छापखान्याच्या मालकांना म्हणाले, "त्या ताईला देऊ नगा. मागं लई घोळ घातलाय तिनं."

मी उठून उभी राहिले. "काका, चूक माझीच होती. एकदा करून दाखवते. नाही पटलं तर पुन्हा कॉम्प्युटरला हात लावणार नाही."

मालकांनी डोळे वटारले, पण मी माघार घेतली नाही. या वेळी एकच फॉन्ट. पहिल्या पानावर नवरा-नवरीची नावं, दिवस, वेळ, कार्यालय आणि भोवती कोरा कागद. भाऊबंद आतल्या पानावर, एकही न गाळता, कारण एक नाव सुटलं तर घरं बोलायची बंद होतात. कोऱ्या जागेला व्हाइट स्पेस आणि महत्त्वाचं आधी ठेवण्याला हायरार्की म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

कच्ची प्रत बघून वडिलांचा चेहरा पडला. "एवढी जागा मोकळी? लोक म्हनतील, ह्यांना कोन हाय का न्हाई?"

मी वाद घातला नाही. ती प्रत त्यांच्या बायकोच्या हातात दिली. ती अक्षर लावत लावत वाचणारी. "मावशी, लग्नाला कुठं जायचं?"

"शिरामपूरला, कार्यालयात. साडेबाराला." तिने मान वर केली आणि नवऱ्याला बजावलं, "ह्येच छापा. माज्या भावाला कळंल."

आज याला युजर टेस्टिंग म्हणतात आणि त्यावर जाडजूड अहवाल लिहितात. माझं एका बाकड्यावर उरकलं.

त्या लग्नाला मी हट्टाने गेले. मामा सकाळीच, आचाऱ्याच्याही आधी, येऊन बसला होता म्हणे. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तो फेटा बांधून भाचीच्या मागे ताठ उभा होता, आणि त्याची बहीण अक्षता टाकायचं विसरून रडत होती. मी मात्र माझ्या मुठीतल्या अक्षता अशा जोरात उधळल्या, की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.