बेकार मोजणारा साडू

उभ्या वऱ्हाडात माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचं काम विचारणारा एकच इसम होऊन गेला, आणि माझं नशीब असं की तो माझाच साडू निघाला. अमरावतीच्या रोजगार कचेरीत तो कारकून. कोणत्या गावात किती हात रिकामे आहेत, कोणाला कोणतं काम येतं, हे घरोघर विचारून वर कळवायचं, ही त्याची नोकरी. कचेरी संध्याकाळी सुटायची, याची कधी सुटली नाही. मयतीला गेला तरी तिरडी बांधणाऱ्याला विचारणार, "एरवी काय करता?" माझ्या पोरीच्या वरातीत त्याने सनईवाल्याला धरलं, पावसाळ्यात पोट कशावर चालते म्हणून. सनईवाला उत्तर देत बसला आणि नवरदेव उन्हात घोड्यावर. मी चवथी पास, कापसाच्या जिनातला इंजनवाला, मला ही थेरं पटत नसत. "कावून लोकायले छळून राह्यले बुवा?" म्हटलं, तर म्हणे, "भाऊ, रिकामं मडकं दाखवल्याबिगर पानी कोन वाढते?"

मग वरून हुकूम आला. कारागिरी शिकवायची सरकारी शाळा निघणार होती. ती अमरावतीला का अकोल्याला, हे रिकामे तरुण कुठे जास्त निघतात यावर ठरणार होतं. साडूच्या अंगात वारं शिरलं. त्याचा मधू मॅट्रिक होऊन घरीच बसला होता. त्याला लेथवर काम शिकायचं होतं, आणि अकोल्याला ठेवून शिकवायची बापाची ऐपत नव्हती.

मोजणी निघाली उन्हाळ्यात. जिनं बंद, पोरं निंबाखाली पत्ते कुटत बसलेली, म्हणून मोजायला सोपं. पण आमच्याकडे उन्हाळा म्हणजे सोयरिकीचा हंगाम. धुतलेलं धोतर, काळा कोट, बगलेत छत्री असा परका माणूस दारात येऊन "पोरगं काय करते?" विचारतो, तो कोण? पोरीचा बाप, नाही तर मध्यस्थ. दर्यापुरात त्याला पाट मांडून शेवया वाढल्या. पोराचा बाप सांगे, "पोराले काय कमी हाय बाप्पा, ओलिताचं वावर हाय, संत्र्याचा बगीचा हाय." पोरगं आत उसनी टोपी शोधत असे. धामणगावला एका आजीने नातवाला अंगणात चालवून दाखवलं, पायात खोट नाही म्हणून. साडू घसा फोडून सांगे, मी कचेरीचा माणूस. ते हसत म्हणत, "समजलं आमाले. पोरगी कितवी शिकली?"

मलाही त्याने विचारलं होतं. मी कसा बेकार? इंजन थंड होतं, मी नव्हतो. तसंच लिही म्हटलं, आजही तेच म्हणेन.

तर हिशेब असा निघाला की आमच्याकडे बेकार माणूस औषधालाही नाही. कचेरीतला साहेब खूश झाला. साडू त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या फेरीला त्याने मधूला संगं घेतलं. दारात उभं राहून पोराच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "हा माहा पोरगा. म्याट्रिक हाय. बेकार हाय. आता तुमचं सांगा." आपलं लेकरू असं चारचौघांत उघडं पाडणारा बाप कोणी पाहिला नव्हता. दर्यापुरात एक म्हातारा पिंजारी बराच वेळ मधूकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मियाँ, अपना लिखवा दिया? तो मेरे दोनों भी लिखो." तिथून घरं बोलायला लागली. मधू अंगठ्याने माती उकरत उभा असे, लग्नाच्या पोरी असलेल्या घरांसमोरही. मी म्हटलं, "बुवा, या पोराले आता बायको कोन देईन?"

"शाळा झाली का धा येतीन."

एका सकाळी दोघं धामणगावला निघाले. मधू स्टेशनावर तिकिटं काढायला गेला, तो परतला नाही. उलट्या दिशेच्या गाडीत बसताना कोणी तरी त्याला पाहिलं म्हणे. साडू त्या दिवशीही धामणगावला गेला. बाजूला कोणी नसताना, प्रत्येक दारात, "माहा पोरगा बेकार हाय" म्हणाला.

शाळा अमरावतीला झाली. निंबाखालची पोरं लोखंड घासायला शिकली, कामाला लागली. मधूचं पत्र नाही, निरोप नाही.

पुढच्या मोजणीत राजापेठेतली त्याचीच गल्ली त्याच्या वाट्याला आली. मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. साडू आपल्याच घरापुढे चपला न काढता उभा राहिला, जसा सगळीकडे राही. दारात त्याची बायको, माझी मेहुणी.

"पोरगं काय करते?"

"कामावर हाय."

"कुठं?"

"लांब."

कामाचं ठिकाण सांगता येत नाही तो बेकार, हा त्याचाच नेम. त्यापायी तो लोकांशी भांडलेला. आता त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हाय कामावर," मी म्हटलं. "मले मालूम हाय."

त्याने तसं लिहून घेतलं. चपला काढून आत आला आणि उन्हं उतरेपर्यंत मेहुणीशेजारी बसून राहिला. पुढची घरं त्या दिवशी तशीच राहिली.