ब्रेकच्या दिव्याखालची ज्वारी

सासऱ्यांच्या गाडीत पलंग होता, शेगडी होती, तोंड धुवायला नळ होता. कुणा परदेशी जोडप्यानं ती विलायतेहून चालवत आणली, कंटाळून इथंच टाकली आणि हातोहात फिरत ती आमच्या दारात आली. सत्तरच्या दशकातलं सोलापूर. दारात साधी मोटार असली तरी माणसं वळून बघत, हे तर चाकांवरचं घर. सासरे आडत दुकानदार. बोलायला मराठी, चिडायला कानडी. गाडी आल्यापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. चालवायचे माझे यजमान, कुठं जायचं आणि कधी, ते सासरे ठरवायचे.

माझं माहेर अक्कलकोटच्या रस्त्यावरचं खेडं. एका सकाळी तिकडून माणूस निरोप घेऊन आला. "तुमची आई लई आजारी हाय. लेकीला बगायचं म्हनतीया."

तिकडची एस.टी. आमच्या दारावरूनच जायची. मी पिशवी भरून उंबऱ्याशी आले, तर सासरे म्हणाले, "घरात पलंगाची गाडी असताना आमची सून एस.टी.त उभारून जानार व्हय? लोक काय म्हंतील?"

लोकांना माझ्या आईचं काय पडलं होतं? पण सासऱ्यांना लोकांचं फार पडलेलं.

यजमानांनी गाडी सुरू केली आणि समोर तांबडा दिवा लागला. ब्रेकचा दिवा. हातब्रेक ओढलेला असला किंवा ब्रेकचं तेल कमी झालं की तो लागतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हातब्रेक खाली केला, दिवा तसाच. तेल बघितलं, ते काठोकाठ.

"ह्यो अपशकुन हाय," सासूबाई म्हणाल्या. "आदी पूजा करा."

पूजा तर दर अमावस्येला व्हायची. नारळ, विभूती, अक्षता, सगळं साग्रसंगीत. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या, हळदीकुंकवात रंगवलेल्या. सासूबाईंनी आताही मूठभर अक्षता स्टिअरिंगवर, सीटवर टाकल्या आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं. दिव्यानं काही दाद दिली नाही.

मग सात रस्ता चौकातून मिस्त्री आला. त्यानं चारी चाकं उतरवली, पाईप हातानं चाचपले, पुनःपुन्हा ब्रेक दाबून बघितला. "तेल बराबर, पाईप बराबर," तो म्हणाला. "बत्ती कायकू जलती, समझता नै." तेवढ्यात दारावरून एस.टी. गेली.

"मामंजी, मी एस.टी.नं पुढं जाते," मी म्हणाले. "तुम्ही गाडी घेऊन मागनं या."

"थांब की. आता हुतंय."

झालं नाही. दुपारची गाडी गेली, संध्याकाळची गेली. रात्रभर पिशवी माझ्या उशाला होती. यजमान कूस बदलत राहिले, वडिलांशी एक शब्द बोलले नाहीत. आज्ञाधारक मुलगा म्हणून त्यांचं गल्लीत फार नाव होतं.

सकाळी मिस्त्रीनं हातब्रेकच्या दांड्याचं कातडी टोपण काढलं. खाली ज्वारी गच्च बसलेली. कितीतरी अमावस्यांच्या अक्षता घरंगळत त्या फटीत गेल्या होत्या आणि नारळाच्या पाण्यानं फुगल्या होत्या. काहींना तर मोड आले होते. त्यामुळं दांडा पुरता खाली बसत नव्हता, आणि गाडीला वाटत होतं हातब्रेक अजून ओढलेलाच आहे. मिस्त्रीनं ज्वारी खरवडून काढली. दिवा विझला.

"म्हंजे ब्रेक चांगलाच हुता की," सासरे म्हणाले आणि पोट धरून हसले. सगळं घर हसलं. यजमानही हसले. मी गाडीत जाऊन बसले, तर सासूबाई पुन्हा तबक घेऊन आल्या. मोठ्या प्रवासाला निघताना अक्षता नकोत का?

माहेरच्या दारात माणसं जमली होती. बायकांनी मला बघून हंबरडा फोडला, तेव्हा कळायचं ते कळलं. आई पहाटे गेली होती.

मी तिच्याजवळून उठून बाहेर आले, तर सासरे ओसरीवर लोकांना दिव्याची गोष्ट सांगत होते. चाकं कशी उतरवली, ज्वारी कशी निघाली, सगळं रंगवून. एकानं विचारलं, आत पलंग आहे हे खरं का? सासरे उठले आणि गाडीचं दार उघडून त्याला पलंग दाखवला. मला त्या गाडीला तिथंच काडी लावावीशी वाटली. आजही तो पलंग आठवला की वाटते.

माझा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. सासरे परत आले आणि त्याला म्हणाले, "काय करनार, दिव्यानं घात केला. न्हाईतर कालच आलो असतो."

भावानं मान वर केली नाही. "काल रस्त्यावर एस.टी. थांबली की आई उठून बसायची," तो म्हणाला. "कुणी उतरलं न्हाई की म्हनायची, ह्या गाडीनं न्हाई आली, म्हंजे पुढच्या गाडीनं येईल."