मामाजींना वाचून दाखवलेली झुलूंची लढाई

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे मामाजी इंग्रजांच्या काळात तहसीलीत कारकून होते. पुढे इंग्रज देशातून गेले, पण मामाजींच्या डोक्यातून काही गेले नाहीत. जाताना त्यांच्या साहेबाने त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक भेट दिलं होतं. आफ्रिकेत गोऱ्यांनी झुलू लोकांशी केलेल्या लढायांचं. पवनीच्या आमच्या घरात ते पोथीच्या शेजारी लाल कापडात बांधून ठेवलेलं असे. मामाजींचं इंग्रजी अर्ज-हुकुमापुरतं, त्यामुळे पुस्तक त्यांनी कधी वाचलं नव्हतं. त्यातली एक गोष्ट मात्र साहेबाच्या तोंडून ऐकली होती. नदीकाठच्या एका ठाण्यावर मूठभर गोरे शिपाई हजारो झुलूंना पुरून उरले, ती. आल्यागेल्या प्रत्येकाला ते ती ऐकवत.

मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.ची दोन वर्षं करून या घरात आले. तिसऱ्या वर्षाची परीक्षा घरी अभ्यास करून देऊ द्यायची, असं लग्न ठरवताना मामाजी स्वतः बोलले होते. लग्नानंतर त्यांना ते आठवेना. सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि मरायच्या आधी ते पुस्तक एकदा पुरतं ऐकायचं असं त्यांच्या मनाने घेतलं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. दुपारची भांडी आटोपली की हाक यायची, "सूनबाई, आन तं ते पुस्तक. मराठीत सांगजो, मले समजन असं."

मी आधी मनात इंग्रजी वाचायची, मग मोठ्याने मराठीत सांगायची. गोऱ्यांनी झुलूंच्या राजापुढे कोणालाही पाळता येणार नाहीत अशा अटी ठेवल्या, आणि त्याने त्या पाळल्या नाहीत म्हणून त्याच्या मुलखात फौज घुसवली. हे सांगून मी मुद्दाम थांबले. मामाजी म्हणाले, "समोर वाच."

पुढे गोऱ्यांची छावणी होती, डोंगराच्या पायथ्याशी. बैलाच्या शिंगांसारखे झुलू दोन्ही बाजूंनी वळसा घालून आले, हातात भाले आणि कातड्याच्या ढाली. दुपारपर्यंत छावणी कापून निघाली. मामाजींचा चेहरा उतरला. साहेबाने हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

खरं सांगते, मला गोड वाटलं. त्याच सकाळी मी परीक्षेच्या फॉर्मचा विषय काढला होता आणि ते म्हणाले होते, "बाईले बी.ए. कायले पाह्यजे? धानाचा रोवणा कराले?" नवऱ्याला विचारलं तर तो "बाबाले विचार" म्हणून दुकानाची वाट धरायचा. मग मी दुसऱ्या दिवशी तीच लढाई पुन्हा वाचली. तिसऱ्या दिवशीही. पोटं फाडलेले शिपाई सावकाश, एकेक करून सांगितले. "ते ठाण्याचं वाच नं माय," असं ते काकुळतीने म्हणायचे. "काल हे राहिलं होतं, मामाजी," असं म्हणून मी पान मागे उलटायची.

शेवटी एका दुपारी ते म्हणाले, "परीक्षेचं नाव या घरात आता काढू नको," आणि लगेच पुढे, "हं, वाच ठाण्याचं." मी वाचलं. म्हणजे पुस्तकात होतं ते नाही. मी ठाण्यातले सगळे गोरे मारून टाकले.

"खोटं आहे," मामाजी ओरडले. "सायेबानं मले सोताच्या तोंडानं सांगतलं."

"पुस्तकात असंच छापून आहे, मामाजी. तुमाले बरं वाटावं म्हनून सांगतलं असन सायेबानं."

त्यानंतर आठ दिवस ते नीट जेवले नाहीत. लोकांना गोष्ट सांगणं बंद झालं. डोळ्यांनी दिसत नसलेल्या म्हाताऱ्याचा एकुलता एक विसावा मी काढून घेतला होता, आणि भाजी चिरताना ते आठवून मला आनंद व्हायचा. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

"डोळ्याले सुरी लावू देनार नाई" म्हणणारे मामाजी मग आपणहून एसटीत बसले आणि भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या शिबिरात एका डोळ्याचं ऑपरेशन करून आले. आधी हिरवी पट्टी, मग महिना-दीड महिन्याने जाड भिंगाचा चष्मा. चष्मा आला त्याच दिवशी त्यांनी लाल कापड सोडलं. माझ्या नवऱ्याला डिक्शनरी आणायला लावली. ओळीखाली बोट धरून ते दिवसभर बसायचे. मी स्वयंपाकघरातून ते बोट पाहायची आणि माझ्या हातून पोळ्या करपायच्या.

पंधरा-वीस दिवसांनी हाक आली. आवाज शांत होता. समोर माझ्या परीक्षेचा फॉर्म ठेवलेला.

"हा मांगवला मी तुयासाठी. सही केली आहे. उद्या शेवटची तारीख आहे. पन पयले ओसरीवर लोकाईसमोर ठाण्याचं पान वाच, अन् सांग का तू लबाड बोलली."

मी कबूल झाले. बी.ए.साठी मी याहून वाईटही कबूल केलं असतं.

ओसरीवर दोन शेजारी होते आणि आमचं धान बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, करणारा म्हातारा होता. मी पदर घेऊन दाराशी बसले आणि म्हणाले, मी खोटं सांगितलं होतं. मग वाचलं. मक्याच्या पोत्यांची भिंत, गोऱ्यांचा गोळीबार, माघारी गेलेले झुलू. मामाजी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. भिंगामागे त्यांचा डोळा भलताच मोठा दिसत होता.

"बस," ते म्हणाले.

मी थांबले नाही. पुढच्याच पानावर होतं की झुलू गेले तेव्हा त्यांचे जखमी तिथंच पडून होते. त्यांना उठता येत नव्हतं. शिपाई भिंतीबाहेर आले आणि त्यांनी संगिनींनी, बंदुकांच्या दस्त्यांनी त्यांना एकेक करून मारलं. काही जिवंत होते तरी मेलेल्यांबरोबर खड्ड्यात लोटले. मी हे सगळं स्वच्छ मराठीत सांगितलं.

बटईवाल्या म्हाताऱ्याने विडी विझवली. "पडेल मानसाईले मारलं?"

"हो. पुस्तक म्हणते का ठाणं गोऱ्यांच्या हद्दीत होतं, झुलूच नदी ओलांडून आत आले होते," मी म्हणाले.

तो मामाजींकडे वळला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "बाबूजी, गोऱ्याईचं गाव तं समुद्रापार हाये नं? मंग तिथं त्यायची हद्द कुठून आली?"

मामाजींनी चष्मा काढून धोतराने पुसला, पुन्हा लावला. मला हसू फुटलं. पदर तोंडावर नेईपर्यंत आवाज बाहेर पडला होता, आणि मी हसले म्हणून शेजारीही हसले.

मामाजींनी फॉर्म उचलला. घाई न करता, कडेला कड जुळवून त्याचे चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. "चुलीत घाल. अन् चाय मांड लोकाईले."

मी चुलीत घातले. चहा केला, सगळ्यांना दिला, त्यांनाही दिला. पुढच्या वर्षी मला मूल झालं, मग दुसरं, आणि बी.ए. राहिलं ते राहिलंच. मामाजी आणखी सहा वर्षं जगले. शेवटी अंथरुणावर होते तेव्हा त्यांना भरवलं मी, धुतलं-पुसलंही मीच. पण फॉर्मचे तुकडे जळताना मी एक ठरवून टाकलं होतं, की हा माणूस मरेल तेव्हा रडायचं नाही. नाही रडले. मयताला आलेल्या बायका माझे कोरडे डोळे पाहून एकमेकींना कोपर मारत होत्या. मारू दे म्हटलं.