हवालदार शांताराम यांचा डावा पाय

कॅप्टन म्हणून माझं शेवटचं पोस्टिंग पुण्याच्या एका सैनिकी रुग्णालयात होतं. तिथून आम्हाला माजी सैनिकांच्या तपासणी कॅम्पसाठी महाडला पाठवलं. मी महाडचीच. सकाळी टेबल लावलं. रक्तदाब, साखर, डोळे. दुपारपर्यंत विशेष काही नव्हतं.

मग पोलादपूरच्या वरच्या वाडीतले निवृत्त हवालदार शांताराम आले. डावा पाय खाडकन आपटून सावधान उभे राहिले.

"जय हिंद, मॅडम."

पँटवर रक्त उतरलं.

"काय नाय. जुना हाय."

पट्टी त्यांनी स्वतः बांधली होती. एकही सुरकुती नव्हती. वीसेक वर्षांपूर्वी पेटलेल्या गाडीतून त्यांच्या पलटणीतल्या नाईक किसनला बाहेर काढताना त्यांची नडगी भाजली. किसन नाते गावचा. तो वाचला नाही. जखम तेव्हापासून भरायची, पुन्हा उघडायची. ते रोज ती धुवायचे आणि शेतावर जायचे.

आता तिच्या कडा वर आल्या होत्या. जुन्या भाजलेल्या जागी वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत कधीकधी त्वचेचा कॅन्सर होतो. मी पुण्याला आमच्या सर्जनना फोन लावला.

"कडा?"

"उचललेल्या, सर. हाताला टणक."

"पाठव. आजच."

पुण्याच्या रुग्णालयात जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता, हाडापर्यंत पोचलेला. पुढे पसरला नव्हता. गुडघ्याखाली पाय काढला, तर जीव वाचणार होता.

"दोन महिन्यांनी किसनचा दिवस हाय," ते म्हणाले. "सलामी देतो. मग न्या पाय."

तेवढं थांबणं शक्य नव्हतं. मी समजावलं. माझा आवाज मुळात लहान. ट्रेनिंगमध्ये परेड शिकवणारे उस्ताद त्यावरूनच ओरडायचे. हवालदार पूर्ण ऐकून घ्यायचे आणि "नाय" म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी किसनची पत्नी, सुमनवहिनी, एसटीने त्यांना भेटायला आल्या.

"काय भावजी, पायासाठी रुसून बसलाव?"

"पाय आपटला नाय तर सलामी कसली, वयनी?"

"मग दोघांना हार मी एकटीनं घालू? एक फोटो हाय भिंतीवर. तेवढा पुरे."

त्यांनी पायावरची चादर बाजूला केली. मग मला म्हणाले, "न्या, मॅडम."

किसनच्या दिवशी मी परवानगी काढून वर्दीत नाते गावाला गेले. शाळेसमोर लहानसं स्मारक आहे. हवालदार आधीच पोचले होते. डाव्या काखेत कुबडी, छातीवर मेडल्स, दाढी घोटलेली, डोक्यावर पलटणीची टोपी. वहिनींनी हार घातला. हवालदार माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले,

"पाय तुमी आपटा, मॅडम."

सगळं गाव बघत होतं. मी त्यांच्या डावीकडे विश्राममध्ये उभी राहिले.

"सावधान!"

हवालदाराने कॅप्टनला हुकूम द्यायची पद्धत नाही. मी पाळला. डावा पाय आपटला, उस्तादांनाही ऐकू गेला असता इतक्या जोरात. आमचे हात एकदमच कपाळाशी गेले.

मग हजेरीला घ्यावं तसं त्यांनी नाव घेतलं.

"नाईक किसन."

वहिनी म्हणाल्या, "हाय."